पुकारा ते प्रक्षेपण : खुल्या न्यायालयाची वाटचाल

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचा सौदा जुन्या रीतीने होई, तेव्हा दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात रुमालाखाली धरत. भोवती शंभर माणसे असली तरी भाव कळे तो त्या दोघांनाच. तोच शेतकरी बांधाच्या वादासाठी श्रीगोंद्याच्या न्यायालयात गेला की तिथली रीत नेमकी उलटी. शिपाई दारात येऊन नाव पुकारतो आणि व्हरांड्यातल्या साऱ्यांना कळते की अमक्याचा दावा निघाला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील सरतपास घेतात, उलटतपास घेतात, आणि ज्याचा त्या दाव्याशी काडीचाही संबंध नाही असा माणूस मागच्या बाकावर बसून सारे ऐकू शकतो. हे उघडे दार हाच न्यायसंस्थेचा कणा. मुंबई उच्च न्यायालय आणि त्याच्या छायेतली महाराष्ट्रातील न्यायालये यांनी हे दार दीडशेहून अधिक वर्षे कसे राखले, आणि त्या दारातून अखेर कॅमेरा आत कसा आला, त्याचा हा आलेख.

मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. आजची दगडी इमारत कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली आणि जानेवारी १८७९ मध्ये तिथे पहिली बैठक झाली. दालने उंच, बाके मोजकी. दार उघडे असले तरी आत मावणार किती, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा. त्याचे उत्तर प्रथम लेखणीने दिले.

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर टिळकांनी स्वतः बाजू मांडली आणि त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. २२ जुलैच्या रात्री दिव्यांच्या उजेडात ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. दालनात शिरायला मिळाले ते थोड्यांनाच. पण खटल्याचा शब्दन्‌शब्द टिपला गेला होता आणि न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी तो संपूर्ण वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. लघुलेखकाची पेन्सिल हाच त्या काळचा कॅमेरा होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्या लघुलेखकांची, जुळाऱ्यांची, मुद्रितशोधकांची नावे कोणाच्या लक्षात नाहीत. मात्र टिळक न्यायालयात काय बोलले हे आज जे सांगता येते, ते त्यांच्या कष्टामुळे. ज्या दालनात शिक्षा सुनावली गेली तिथे टिळकांच्या शब्दांची संगमरवरी शिला १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते बसवण्यात आली. संस्थेने आपल्याच निकालाविरुद्धचे शब्द आपल्याच भिंतीवर कोरून घेतले.

स्वातंत्र्यानंतर कसोटी आली ती गर्दीची. १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरील खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात उभा राहिला आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि मार्च १९६० मध्ये तिथे दोषसिद्धी झाली. पुढे देशातून ज्यूरीची पद्धतच गेली. दालनात एकही कॅमेरा नव्हता, तरीही बाहेरच्या गलबल्याची झळ आतपर्यंत पोचू शकते, ही शंका तेव्हापासून न्यायसंस्थेच्या मनात घर करून राहिली. कॅमेऱ्याला नंतर जो विरोध झाला त्याचे एक मूळ इथे आहे, आणि तो निव्वळ जुनाटपणा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही.

दुसरी कसोटी १९६४ ची. कृष्णराज ठाकरसी यांनी ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावर लावलेल्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने विनंती केली, की आपली साक्ष छापून आल्यास व्यवसायाला फटका बसेल. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी त्या साक्षीच्या प्रसिद्धीस मनाई केली. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश मिरजकर आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ३ मार्च १९६६ रोजी निकाल दिला. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा. सुनावणी उघड्यावर व्हावी हा नियम, पण न्याय होण्यासाठीच गरज पडली तर न्यायालय तो सैल करू शकते, असे त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले. वार्ताहर हरले खरे, तरी खुल्या सुनावणीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ठळकपणे उतरले ते मुंबईच्या या वादातून.

मराठवाडा आणि शेजारच्या जिल्ह्यांसाठी दार जवळ आले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले तेव्हा. त्यामागे वकील मंडळींचा दीर्घ पाठपुरावा होता. श्रीगोंदा ज्यात येतो तो अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, त्याच खंडपीठाकडे आहे. काष्टीकराला दौंडमार्गे पुणे त्या मानाने जवळ, पण अपील चालणार ते नगर ओलांडून पुढे छत्रपती संभाजीनगरला. तारखेच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची, सोबत भाकरी, कागदांची पिशवी, आणि बोर्डावर नंबर लागलाच नाही तर तसेच माघारी. पक्षकाराचा असा दिवस मोडतो आणि मजुरीही. आपल्या प्रकरणात वकील काय बोलले हे त्याला कळते ते वकिलाने सांगितले तेवढेच.

यंत्र न्यायालयात प्रथम शिरले ते प्रक्षेपणासाठी नव्हे, साक्षीसाठी. अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष दृश्यसंपर्काने घेता येईल का, हा महाराष्ट्रातूनच गेलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये होकारार्थी निकाली काढला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यातील माफीचा साक्षीदार डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे साक्ष दिली ती याच वाटेने. दरम्यान २००७ पासून ई-कोर्ट प्रकल्पाने तालुक्याच्या न्यायालयांपर्यंत संगणक नेले. रोजनाम्याच्या जाड वह्यांशी आयुष्य घालवलेल्या कारकुनांनी पन्नाशीत कळफलक शिकून घेतला. या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले.

श्रीगोंद्याला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात जुलै २०१६ मध्ये कोपर्डीची बलात्कार आणि खुनाची घटना घडली. अवघा महाराष्ट्र रस्त्यावर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या आवाराबाहेर रांगेने उभ्या होत्या. कॅमेरा फाटकापाशी थांबला होता. अशा गुन्ह्यात सुनावणी बंद दाराआड घ्यावी असे कायदाच सांगतो, आणि पीडितेचे नाव छापण्यासही मनाई आहे. साक्षीदार गावातलाच असतो. उद्या त्याला त्याच वेशीतून ये-जा करायची असते. त्याचा चेहरा घराघरांत दाखवणे म्हणजे पुढच्या साक्षीदाराचे तोंड बंद करणे. कोपर्डीच्या निकालाने लोकांचा विश्वास दृढ झाला तो असल्या दृश्यांवाचून.

निर्णायक वळण २६ सप्टेंबर २०१८ चे. विधी शाखेचा विद्यार्थी स्वप्निल त्रिपाठी, ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग आणि इतरांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पीठावरील न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी मुख्य निकाल लिहिला, धनंजय चंद्रचूड यांनी स्वतंत्र सहमतीचा. दोघेही २००० साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झालेले. न्यायालयात कॅमेऱ्याला वाव असावा, पण तो न्यायालयाच्याच ताब्यात, ही त्या निकालाची दिशा. इंग्लंडने १९२५ मध्ये कायद्याने न्यायालयातील छायाचित्रणावर बंदी घातली होती आणि फौजदारी खटल्यात शिक्षा सुनावतानाचे न्यायाधीशांचे भाष्य तिथे दूरचित्रवाणीवर आले ते २०२२ मध्ये. त्या मानाने भारताने बराच पल्ला थोड्या वर्षांत गाठला.

निकाल कागदावर राहतो की काय असे वाटत असताना मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. न्यायाधीश घरून, वकील घरून. ‘आपला आवाज बंद आहे’ हे वाक्य पुकाऱ्याइतकेच ओळखीचे झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपण सुरू करून आघाडी घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२१ मध्ये नमुना नियम मांडले. वैवाहिक वाद, लैंगिक गुन्हे आणि साक्ष व उलटतपास हे सारे त्यांत प्रक्षेपणाबाहेर ठेवले. पिंजऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, युक्तिवादाकडे वळवायचा, ही ती सीमारेषा. या लेखाच्या मते ती योग्य जागी ओढली गेली आहे.

२७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे कामकाज थेट दिसू लागले. त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेतील फुटीचे प्रकरण होते. दिल्लीत काय चालले आहे ते महाराष्ट्राने त्या दिवशी वाहिनीच्या निवेदकाच्या मध्यस्थीविना पाहिले. राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, अनुसूचीवर तासन्‌तास चालणारा युक्तिवाद, मध्येच पान शोधणारे वकील, न्यायाधीशांचा एखादा आडवा प्रश्न. नाट्याची अपेक्षा ठेवून बसलेल्यांची निराशाच झाली असेल. ११ मे २०२३ चा निकालही असाच थेट ऐकला गेला.

अडचणीही आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशांच्या शेऱ्यांच्या चित्रफिती देशभर फिरल्या. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवर चोरट्यांनी ताबा मिळवला. तासाभराच्या सुनावणीतून अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून त्याला हवा तो मथळा चिकटवणे हा नवा रोग आहे. सर्वोच्च न्यायालयाने तरीही पडदा ओढून घेतला नाही; उलट न्यायाधीशांनीच जपून बोलावे, असा रोख ठेवला.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मुंबईतील पाच खंडपीठांपासून थेट प्रक्षेपण सुरू केले. टिळकांच्या खटल्यात केळकरांना पुस्तक काढावे लागले होते. आता त्याच न्यायालयातला युक्तिवाद काष्टीत, बाजार उठल्यावर चहाच्या टपरीवर बसून, मोबाईलवर ऐकता येतो. ही सोय चालते ती निबंधक कार्यालये, तंत्रज्ञ आणि ध्वनियंत्रे सांभाळणारे कर्मचारी यांच्या रोजच्या राबण्यावर.

श्रीगोंद्याला मात्र मोबाईल बंद करूनच आत बसायचे असते. साक्ष चालू असते, स्टेनो लिहून घेत असतो, पिंजऱ्यातला माणूस घाम पुसत असतो. मागच्या बाकावर जागा असली तर कोणीही येऊन बसावे.