तळटीप : जुने फिब्रिलेशन आणि विजेचा झटका

हृदयाची लय सुधारण्यासाठी दिलेला झटका निष्फळ ठरला की दोष यंत्राच्या कमी शक्तीला दिला जातो. हे अपुरे आहे. १९९५ मध्ये मास्ट्रिख्टच्या अलेसी यांच्या संशोधक गटाने शेळ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे अलिंदांची, अनियमित थरथर) मुद्दाम चालू ठेवले, तेव्हा अलिंदाच्या पेशींचा विश्रांतिकाळ (पुन्हा उत्तेजित होण्याआधीचा काळ) पहिल्या २४ तासांतच आखूड झाला आणि फिब्रिलेशन अधिकाधिक टिकू लागले. लय सुधारल्यावर हा बदल आठवड्याभरात ओसरतो, मग जुन्या रुग्णांत फिब्रिलेशन परत का येते, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर ऊतींमध्ये आहे : दीर्घकाळ थरथरणारे अलिंद ताणले जाते, त्यात तंतुमय ऊती वाढतात, आणि त्यांना झटका हटवू शकत नाही. लय मुळीच न येणे आणि येऊन न टिकणे ही दोन वेगळी अपयशे आहेत. शक्ती वाढवून उपाय होतो तो पहिल्यावरच.