आठाचा घात

आठवीत गुरुजींनी सूर्याचं अंतर थोडक्यात लिहायला सांगितलं. १५ कोटी किलोमीटर, म्हणजे १.५ गुणिले दहाचा आठवा घात. मी तो ८ दहाच्या डोक्यावर न बसवता शेजारी बसवला. झाले १०८! गुणाकार १६२. "अरे, म्हणजे सूर्य नाशकात!" आमचे मुंबईचे गुरुजी म्हणाले. वर्ग हसला. त्या एका मार्कानं माझी फ्रीशिप हुकली. वडील आठवडाभर बोलले नाहीत.

आर्किमिडीजला तर ही सोयही नव्हती. ग्रीकांचं स्वतंत्र नाव दहा हजारापर्यंतच. तरी पठ्ठ्यानं इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, विश्वात वाळूचे कण किती मावतील, ते सिराक्यूसच्या गेलॉन राजाला कळवलं: आजच्या भाषेत दहाचा ६३ वा घात. राजानं मोजून पाहिले नसावेत. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त परार्धापर्यंत, म्हणजे एकावर १७ शून्यांपर्यंत, पायरीपायरीला नाव दिलं. आजी ती घडाघडा म्हणायची. तिचा आकडा कधी घसरला नाही.

घातांक अक्षराच्या डोक्यावर रूढ केला देकार्तनं, १६३७ साली. गंमत म्हणजे वर्ग दाखवायला तो स्वतः बहुधा २ न चढवता अक्षरच दोनदा लिही. त्याला फ्रीशिप नको होती.