मुरानोचा कांचकार : लिनो तालियापिएत्रा

व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें इ. स. १२९१ मध्यें शहरांतील कांचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविण्याचा हुकूम काढला. आगीचें भय हें त्याचें कारण सांगितलें जातें; परंतु त्या हुकुमानें दुसरेंही एक काम झालें. चोहोंकडून पाण्यानें वेढलेल्या जागीं धंद्याचें गुपित कोंडलें गेलें. परमुलखीं जाऊन हा हुन्नर करणाऱ्या कारागिरास पुढें कायद्यानें शिक्षा ठरली. १७९७ सालीं प्रजासत्ताक लयास गेलें, कायदेही गेले. मुरानोकरांचा स्वभाव मात्र गेला नाहीं.

याच बेटावर १९३४ सालीं लिनो तालियापिएत्रा यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षीं त्यांनीं आर्किमेदे सेगूसो या नामांकित उस्तादाच्या भट्टीवर उमेदवारी धरली. तेथील शिक्षण पुस्तकी नव्हे. पाणी वाहावें, पडेल तें काम करावें आणि डोळे उघडे ठेवावे. विशी ओलांडतांच ते स्वतः 'माएस्त्रो' म्हणजे उस्ताद झाले.

या उस्तादीचा अर्थ कळावयास एकच उदाहरण पुरे. रंगीत कांचेच्या बारीक काड्या शेजारीं शेजारीं मांडून तापवितात. त्या एकजीव झाल्या कीं फुंकनळीच्या टोंकाभोंवतीं गुंडाळून फुगा करितात. एका फुग्यास उजवा पीळ, दुसऱ्यास डावा. एकांत दुसरा बसविला म्हणजे रेघांचें जाळें होतें, आणि जाळ्याच्या प्रत्येक घरांत हवेचा इवलासा बुडबुडा अडकून राहतो. नळी फिरावयाची थांबली तर कांच ओघळते, उष्णता कमी पडली तर तडकते. हें गुपित कागदावर उतरवून चोरतां येण्याजोगें नव्हेच. तें हातांत असतें, आणि हातच समुद्रापार गेला तर जातें.

नेमकें तेंच घडलें. अमेरिकेंत १९६२ पासून हार्वे लिटलटन यांच्या प्रेरणेनें कलावंत कारखान्याबाहेर स्वतः कांच फुंकूं लागले होते. उत्साह अमाप, हात कच्चा. त्यांतील डेल चिहुली १९६८ सालीं मुरानोच्या व्हेनीनी कारखान्यांत जाऊन आले, व १९७१ सालीं सिॲटलच्या उत्तरेस पिलचक येथें सहकाऱ्यांसह त्यांनीं कांचकलेची शाळा काढली. १९७८ मध्यें तालियापिएत्रांचे मेहुणे चेक्को ओंगारो तेथें शिकवून आले. पुढल्या वर्षीं स्वतः तालियापिएत्रा गेले.

बेटावर गहजब झाला. हा घरभेदेपणा, असें लोक बोलूं लागले. त्या रागास हंसूं नये. ज्यावर पिढ्यान् पिढ्या घरें चालली तें परक्यास देऊन टाकलें, असेंच त्यांस वाटलें. पण मुरानोचीं तरुण पोरें तरी भट्टीकडे कोठें वळत होतीं? शिकणाराच नसेल तर गुपित जपावयाचें कोणासाठीं?

देण्याबरोबर घेणेंही झालें. मुरानोंत आराखडा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, अशी जुनी वांटणी होती. अमेरिकेंत मात्र स्वतःच्या कल्पनेची वस्तु स्वतः घडवून तिजवर आपलें नांव घालणारीं माणसें त्यांनीं पाहिलीं. १९८८ सालीं चिहुलींच्या 'व्हेनेशियन्स' या मालिकेस त्यांनीं हात दिला; आणि पन्नाशी उलटल्यावर कारखान्याची चाकरी सोडून ते स्वतंत्र कलावंत झाले. 'एंडेव्हर' या त्यांच्या रचनेंत लांब, निमुळत्या कांचेच्या होड्या छतापासून अधांतरीं टांगलेल्या आहेत. व्हेनिसच्या खाडींतून ताफा निघावा तशा. २०२१ सालीं, सत्याऐंशीच्या घरांत, त्यांनीं फुंकनळी खालीं ठेविली.