चित्रफीत-प्रदर्शनातील घटना-हाताळणी

चित्रफीत-प्रदर्शनातील घटना-हाताळणी : संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाहणाऱ्याने कळ दाबणे, पडद्यास स्पर्श करणे वा कालपट्टीवरील खूण सरकविणे, तसेच चित्रफीत सुरू होणे, अडणे किंवा संपणे या प्रसंगांना संगणकशास्त्रात ‘घटना’ म्हणतात. घटनेची नोंद घेणे, ती योग्य त्या आज्ञावलीकडे पोहोचविणे आणि तिला उचित प्रतिसाद देणे, या कार्यास घटना-हाताळणी अशी संज्ञा आहे. प्रत्येक आज्ञावलीकाराला हे काम नव्याने करावे लागू नये, म्हणून तयार आज्ञावलींचे संग्रह रचले जातात. ते ‘लायब्ररी’ या नावाने ओळखले जातात. त्यांच्या इतिहासात एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुढे आलेला दिसतो. प्रेक्षकाने केलेली मागणी आणि यंत्राकडून प्रत्यक्षात घडलेली कृती यांत अंतर पडल्यास त्याची खबर कोणी कोणास द्यावयाची, हा तो प्रश्न होय.

पूर्वपीठिका : यंत्राने आपल्या स्थितीची दखल आपणच घ्यावी, ही कल्पना संगणकापूर्वीची आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजी येथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग सुरू केला व पुढे हा परिसर यंत्रमागांसाठी प्रसिद्धीस आला. यंत्रमागावर बाण्याच्या धाग्याने उचलला जाणारा एक काटा बसविता येतो. धागा तुटला, की काटा उचलला जात नाही आणि माग थांबतो. येथे धागा तुटणे ही घटना व माग थांबणे हा तिचा प्रतिसाद होय. विणकराने धाग्यावर सतत नजर ठेवण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

याच जिल्ह्यात चित्रपटाच्या यंत्रसामग्रीवरही आरंभीच्या काळात महत्त्वाचे काम झाले. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कोल्हापुरात १९१८ मध्ये देशी कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. मूकपटांच्या काळात प्रक्षेपक पुष्कळदा हाताने फिरवीत. त्यामुळे चालकाची इच्छा आणि यंत्राची गती यांत अंतर नसे. थांबविणे मात्र धोक्याचे होते. त्या काळची नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असून तापलेल्या दिव्यासमोर स्थिर राहिल्यास ती पेट घेई. यास्तव वेग मंदावताच प्रकाश अडविणारी झडप प्रक्षेपकास जोडण्यात आली. ‘थांबा’ या साध्या आज्ञेमागेही यंत्राच्या स्थितीचा विचार करावा लागतो, हे यावरून दिसून येते.

बोलपटांच्या आगमनानंतर गती सेकंदाला २४ चौकटी अशी निश्चित झाली आणि ती चालकाच्या हातून विद्युत् चलित्राकडे गेली. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट काढला, तो या स्थित्यंतराच्या काळातच. दोन प्रक्षेपकांवर आळीपाळीने रिळे दाखविताना रीळ संपत आल्याचे चालकास कळावे, म्हणून चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपके उमटविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. पहिला ठिपका शेवटापूर्वी सुमारे ८ सेकंद व दुसरा सुमारे १ सेकंद दिसे. पहिल्या खुणेवर दुसऱ्या प्रक्षेपकाचे चलित्र सुरू करावयाचे व दुसरीवर चित्र बदलावयाचे, असा संकेत होता. माणसाकडून यंत्राकडे जाणारी आज्ञा आणि यंत्राकडून वा माध्यमाकडून माणसाकडे येणारी सूचना, असे घटनांचे दोन प्रवाह येथेच स्पष्ट झालेले आढळतात.

संगणकातील घटना : आरंभीच्या बहुतेक आज्ञावली आपल्या क्रमाने चालत व वापरणाऱ्यास त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. आयव्हन सदरलंड यांची ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली (१९६३) आणि डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माउस वापरून केलेले प्रात्यक्षिक यांमुळे पुढाकार वापरणाऱ्याकडे येऊ लागला. १९७९ मध्ये ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मूळ माहिती, तिचे दर्शन आणि तिचे नियंत्रण यांचे विभाग वेगळे ठेवण्याची रचना मांडली. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावर घटनांची रांग व ती क्रमाने तपासणारे आवर्तन ही आज्ञावलीची नेहमीची बांधणी ठरली.

चित्रफितींच्या लायब्ररी : ॲपल कंपनीची ‘क्विकटाइम’ ही प्रणाली डिसेंबर १९९१ मध्ये उपलब्ध झाली. तीत कळा व कालपट्टी असलेला तयार नियंत्रक होता. प्रत्येक घटना प्रथम या नियंत्रकास दाखवावयाची, त्याने ती स्वीकारली नाही तरच मूळ आज्ञावलीने हाताळावयाची, असा नियम होता. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरील माध्यम-नियंत्रण पद्धतीत वादनाची आज्ञा देताना ‘पूर्ण झाल्यावर कळवावे’ अशी मागणी करता येई. त्यानुसार संबंधित खिडकीकडे संदेश येत असे. पुढे ‘डायरेक्टशो’मध्ये चित्रफीत संपल्याच्या किंवा बिघाड झाल्याच्या सूचनांसाठी स्वतंत्र रांग ठेवण्यात आली.

अशा रांगेची गरज चित्रफितीच्या स्वरूपातून निर्माण होते. संपीडित चित्रफितीत बहुसंख्य चौकटी पूर्ण नसतात, तर इतर चौकटींशी असलेला फरक तेवढा त्यांत नोंदलेला असतो. त्यामुळे मधल्या एखाद्या क्षणी जावयाचे झाल्यास मागील पूर्ण चौकट शोधून तेथून उलगडा करीत यावे लागते. या कामास वेळ लागतो. तोवर पडद्यावरील कळा गोठून राहू नयेत, म्हणून उलगडा करणारे आणि प्रेक्षकाशी व्यवहार करणारे कार्यप्रवाह वेगळे ठेवतात. १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘जीस्ट्रीमर’मध्ये या दोहोंतील निरोप वाहून नेणारा स्वतंत्र मार्ग आहे. पॅरिस येथील एकोल सेंत्रालच्या विद्यार्थ्यांच्या १९९६ मधील प्रकल्पातून निघालेल्या ‘व्हीएलसी’च्या लायब्ररीत, घटनेची सूचना मिळालेल्या उपक्रमातूनच लायब्ररीला उलट आज्ञा देऊ नये, असा संकेत आहे, कारण दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात.

कालपट्टीची खूण हे या अडचणींचे ठळक उदाहरण होय. चित्रफीत पुढे जाते तशी आज्ञावली ही खूण सरकविते. प्रेक्षकही तीच खूण ओढतो. दोन्ही हालचाली एकसारख्या मानल्यास आज्ञावलीने सरकविलेल्या खुणेलाच ती प्रेक्षकाची मागणी समजते आणि चित्र अडखळू लागते. म्हणून हालचाल कोणी केली याची नोंद ठेवणे, ओढणे चालू असता आपले सरकविणे थांबविणे व साचलेल्या मागण्यांपैकी शेवटचीच पाळणे आवश्यक ठरते. २८ ऑक्टोबर १९१४ नव्हे, तर एका शतकानंतर, २८ ऑक्टोबर २०१४ रोजी मान्य झालेल्या एचटीएमएल ५ या मानकात मागणी व कृती यांतील भेद नावांतच दिसतो. ‘प्ले’ ही घटना वादनाची मागणी नोंदविली गेल्याचे सांगते, तर ‘प्लेइंग’ ही वादन खरोखर चालू झाल्याचे. कळेवरील चिन्ह नुसत्या दाबण्यावरून न बदलता अशा सूचनांवरून बदलावे, हे तत्त्व त्यातून निष्पन्न होते.

प्रेक्षकाचा अधिकार : मागणी केल्याविना आपोआप वाजणाऱ्या चित्रफितींमुळे या विषयास सामाजिक बाजूही प्राप्त झाली. २००८ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३ सेकंदांहून अधिक काळ आपोआप चालणारा ध्वनी थांबविण्याची वा त्याची पातळी कमी करण्याची सोय हवी, तसेच सर्व कार्ये कळफलकाने करता यावीत; कारण पडद्याचा मजकूर वाचून घेणाऱ्या अंध व्यक्तीस असा ध्वनी अडथळा ठरतो. २०१७ मध्ये सफारी व २०१८ मध्ये क्रोम या ब्राउझरांनी सध्वनी स्वयंवादनावर निर्बंध घातले. तेव्हापासून वादनाची आज्ञा नाकारली जाऊ शकते, हे आज्ञावलीकारास गृहीत धरावे लागते आणि प्रेक्षकाच्या प्रत्यक्ष स्पर्शाला वा कळ दाबण्याला परवान्याचे महत्त्व आले आहे. हाताने प्रक्षेपक फिरविणाऱ्या चालकाकडे असलेला अधिकार यंत्र स्वयंचलित होत गेले तसा दूर गेला होता. तो प्रेक्षकाच्या हाती सोपविणे व यंत्राची खरी स्थिती त्याला कळविणे, ही घटना-हाताळणीची दोन प्रमुख कार्ये होत.