इतिवृत्त कोणी लिहिलं? आर्किटेक्टांच्या एका संघटनेचं दप्तर

मागच्या भागात चंदीगडबद्दल बोलताना 'अथेन्स चार्टर' हा शब्द माझ्या तोंडून दोन-तीनदा गेला. त्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की हा चार्टर नेमका कुठल्या सभेत मंजूर झाला? प्रश्न साधा आहे, पण उत्तर गमतीचं आहे. ज्या स्वरूपात तो जगाला माहीत आहे, त्या स्वरूपात तो कुठल्याच सभेत मंजूर झाला नाही.

आधी घरचं सांगतो. मी तीन वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तेव्हा कळलं, की सभेत काय ठरतं याला तसा फार अर्थ नसतो. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त' म्हणून जे वाचून कायम होतं, तेच ठरलेलं असतं. एकदा इतिवृत्त लिहायला मी दोन महिने लावले. तोवर एका सभासदाने पार्किंगचा ठराव स्वतःच्या आठवणीप्रमाणे लिहून नोटीस बोर्डावर लावूनही टाकला. आमच्याकडे आजही गाड्या त्याच्या आठवणीप्रमाणे लागतात. अथेन्स चार्टरची गोष्ट थोडीफार अशीच आहे, फक्त तिथे गाड्यांच्या जागी शहरं होती.

जून 1928. स्वित्झर्लंडमधल्या ला सारा इथल्या किल्लेवजा वाड्यात युरोपातले आधुनिक आर्किटेक्ट जमले. वाड्याच्या मालकीण एलेन द मांद्रो यांनी जागा दिली, पाहुणचार केला. तिथे 'आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय परिषदा' ही संघटना जन्माला आली. फ्रेंच आद्याक्षरांवरून तिला सियाम म्हणतात. स्विस आर्किटेक्ट कार्ल मोझर अध्यक्ष झाले आणि सरचिटणीस झाला झिगफ्रीड गीडियोन. तो आर्किटेक्ट नव्हताच, बरं का! शिक्षण यंत्र-अभियांत्रिकीचं, त्यावर डॉक्टरेट कलेच्या इतिहासात. सुमारे तीस वर्षं संघटनेचं दप्तर झुरिकहून याच माणसाने सांभाळलं. अध्यक्ष बदलले. मोझरनंतर 1930 साली ॲमस्टरडॅमचा व्हॅन एस्टरन आला, 1947 मध्ये स्पेनमधून परागंदा झालेला सर्ट आला. सेक्रेटरी मात्र तोच.

दप्तर म्हणजे काय होतं? देशोदेशी गट होते. प्रत्येक गटाचा प्रतिनिधी एका कार्यकारी समितीवर, आणि दोन परिषदांच्या मधल्या काळात ही समिती कामकाज बघायची. पत्रव्यवहार जर्मनमध्ये आणि फ्रेंचमध्ये. म्हणजे प्रत्येक मसुद्याचं भाषांतर आलं, आणि भाषांतर आलं की भांडण आलंच. जर्मन बोलणाऱ्यांना आधी माहिती हवी असायची, ल कोर्बुझिएला आधी घोषणा हवी असायची. (आपल्याकडच्या साहित्य संमेलनातही हे दोन पक्ष सापडतील.)

माझ्या मते या संघटनेचं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक परिपत्रक. चौथ्या परिषदेचा विषय ठरला होता 'कार्यात्मक शहर'. वेगवेगळ्या देशांतली शहरं शेजारी शेजारी ठेवून बघायची, तर नकाशे एका मापाचे हवेत. व्हॅन एस्टरन ॲमस्टरडॅम महापालिकेत शहररचनेचं काम करत होता. त्याने ॲमस्टरडॅमचे नमुना-नकाशे बनवले आणि गटांना सूचना गेल्या: शहरामागे तीन नकाशे. पहिला राहणं, काम आणि विरंगुळा यांच्या जागांचा, दुसरा वाहतुकीचा, दोन्ही 1:10000 प्रमाणात. तिसरा शहर आणि भोवतालच्या प्रदेशाचा, 1:50000 प्रमाणात. खुणाही सर्वांनी त्याच वापरायच्या. वाचताना कंटाळवाणं वाटतं ना? पण यामुळेच पहिल्यांदा डेट्रॉइट आणि झाग्रेब एकाच भिंतीवर टांगून त्यांची तुलना करता आली. 33 शहरांचे नकाशे आले. आशियातून दोनच शहरं, बांडुंग आणि दालात, आणि दोन्ही युरोपीय वसाहतींमधली. मुंबई नव्हती. इथे त्यांचा गटच नव्हता, तर नकाशा काढणार कोण?

ही परिषद खरं तर मॉस्कोला व्हायची होती. पण 'पॅलेस ऑफ सोव्हिएट्स'च्या स्पर्धेचा निकाल आधुनिकांच्या विरोधात गेला, संघटनेने थेट स्टालिनला निषेध कळवला, आणि परिषद पुढे पुढे ढकलली जाऊ लागली. 1933 च्या वसंतात पुन्हा तेच झालं. मग सेक्रेटरीने काय करायचं? परिषद बोटीवर न्यायची! 'पात्रिस दुसरी' ही ग्रीक बोट 29 जुलैला मार्सेयहून निघाली. डेकवर भाषणं, अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये नकाशांचं प्रदर्शन, आणि सोबत मोहोली-नाज कॅमेरा घेऊन.

परतीच्या प्रवासात मात्र गाडी अडली. ठराव काय करायचा? शहरातल्या जमिनीच्या खाजगी मालकीबद्दल किती रोखठोक बोलायचं, यावरही एकमत होईना. शेवटी 'ठराव' हा शब्दच सोडला आणि 'निरीक्षणं' नावाचा मजकूर तयार झाला. तो त्याच वर्षी अथेन्सच्या तांत्रिक नियतकालिकात छापून आला. नकाशांसह मोठा ग्रंथ नंतर काढायचा होता. समित्या झाल्या, पत्रं गेली, पैशाची जुळवाजुळव झाली नाही, माणसं देश सोडून पांगली. सर्टने 1942 साली अमेरिकेत या सामग्रीच्या आधारे एक पुस्तक काढलं. आणि 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ल कोर्बुझिएने 'अथेन्स चार्टर' प्रसिद्ध केला. कलमं 95, भाषा सडेतोड, आणि मुखपृष्ठावर स्वतःचं नाव नाही, नाव सियामच्या फ्रेंच गटाचं! बोटीवर ज्याला 'निरीक्षण' म्हटलं होतं, ते इथे आज्ञेच्या सुरात आलं. राहणं, काम, विरंगुळा, वाहतूक, सगळं आपापल्या जागी वेगळं. पुढे जगभरच्या नियोजन खात्यांनी वाचला तो हाच मजकूर. मी कोर्बुझिएला खलनायक ठरवत नाहीये. सेक्रेटरीच्या टेबलावरचा कागद दहा वर्षं पुढे सरकला नाही, तर कुणीतरी तो उचलणारच.

युद्धानंतर या दप्तराला हात लावणारी एक बाई होती, जॅकलिन टिरिट. इंग्लंडच्या गटाचं काम ती बघायची, पुढे गीडियोनची मदतनीस झाली. 1951 च्या इंग्लंडमधल्या परिषदेचं पुस्तक सर्ट आणि रॉजर्स यांच्याबरोबर तिने संपादित केलं. गीडियोनच्या लेखनावरही तिचे परिश्रम आहेत. इतिहासात तिच्या वाट्याला बहुतेक आभाराची ओळ येते, याचा मला राग येतो. आपल्याशीही तिचा धागा आहे. पॅट्रिक गेडीस, मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख. त्यांच्या भारतातल्या नगररचना अहवालांमधले निवडक उतारे तिने 1947 साली पुस्तकरूपात आणले. 1954 मध्ये दिल्लीत गृहनिर्माणावर संयुक्त राष्ट्रांचं चर्चासत्र झालं, तेव्हा तिथल्या प्रदर्शनाची जबाबदारी तिच्याकडे होती. तिथेच तिची डॉक्सियाडिसशी ओळख झाली. पुढे 1963 साली त्याने ग्रीसमध्ये बोटीवर परिषद भरवली, तिच्या तयारीतही ती होती. पाहुण्यांमध्ये म्हातारा गीडियोन होता. तीस वर्षांनी पुन्हा बोट!

तोवर सियाम संपली होती. 1956 ची दुब्रोव्हनिकची दहावी परिषद तरुणांनी आखली, म्हणून त्यांचं नाव 'टीम टेन'. 1959 मध्ये हॉलंडमधल्या ओटरलोला त्यांनी सियाम हे नावच वापरायचं बंद केलं. त्यांनी सदस्य नोंदवही ठेवली नाही की सरचिटणीस नेमला नाही. बाकेमा रॉटरडॅमहून पत्रं गोळा करून सगळ्यांना पाठवायचा, तेवढंच.

आणि ते 33 शहरांचे नकाशे? त्यांचा संपूर्ण ग्रंथ निघाला 2014 मध्ये. बोट सुटल्याला तेव्हा 81 वर्षं झाली होती.