झीलकऱ्यांचा इतिहास

संगीताच्या इतिहासात गवयांची नावे सापडतात. त्यांच्यामागे उभे राहून झील धरणाऱ्यांची सापडत नाहीत. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला ही उणीव बोचते. नृसिंहवाडीच्या पालखीत उभे राहिले की ती अधिकच जाणवते.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील या क्षेत्री पालखीबरोबर जुनी पदे म्हणतात. वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबेस्वामी (१८५४–१९१४) यांची करुणात्रिपदी त्यांतलीच. जाणत्याने पद उचलावे, इतरांनी पालुपद धरावे. या इतरांना वेतन नाही, परीक्षा नाही. पण त्यांच्याच गळ्यांतून पदे पुढच्या पिढीला मिळाली.

दरबारी गाण्याची वाट निराळी होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. पण ती मिळविण्यासाठी गुरुगृही वर्षानुवर्षे राबावे लागे. नदीपलीकडच्या कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचे शिष्य. लहानपणी दत्तजयंतीला फटाका उडून त्यांची दृष्टी अधू झाली. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही राजाश्रयावर न विसंबता. सामान्य घरच्या मुलांना गाणे खुले झाले. मात्र कर्ज वाढले आणि १९२४ मध्ये मुंबईच्या विद्यालयाची इमारत लिलावात गेली. इमारत गेली, तरी शिकलेले गळे शिल्लक राहिले.

आम्ही प्रथम पालखीत उभे राहिलो, तेव्हा दारसभेतला आमचा आवाज सर्वांवर चढला. शेजारचे वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, “अहो, जरा शेजाऱ्याचंही ऐका.” आम्ही ओशाळलो. एकजुटीवर कैक भाषणे ठोकली होती. पण दुसऱ्याचा सूर ऐकून आपला सूर लावणे तिथे शिकलो. पुढे युनियनच्या सभेत आम्ही आधी ऐकू लागलो.

पावसाळ्यात देवळात पाणी शिरते, तेव्हा उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. मूर्ती हलविता येते. पदांची चाल मात्र माणसांखेरीज दुसरीकडे कोठे ठेवता येत नाही. आज ती यंत्रावर उतरविता येते खरी, पण यंत्र शेजाऱ्याचा सूर ऐकत नाही. म्हणून विनंती एवढीच : वाडीला गेलात तर नुसते दर्शन घेऊन परतू नका. मागच्या रांगेत उभे राहा आणि पालुपद आले की हळूच आवाज मिसळा.