फॉर्म्युला ई: वेगापेक्षा युनिटचा हिशोब मोठा!

फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक सिंगल-सीटर गाड्यांची जागतिक शर्यत आहे. सिंगल-सीटर म्हणजे एकच सीट आणि उघडी चाकं असलेली रेसिंग कार. पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये झाली. आपल्या मुंबईच्या महिंद्रा समूहाची 'महिंद्रा रेसिंग' ही टीम पहिल्या सीझनपासून यात आहे.

या शर्यतीची क्लिप पाहिली की बहुतेक जण दोनच गोष्टी बोलतात: "आवाजच नाही राव!" आणि "बॅटरी पुरते का?" यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण शर्यत त्यावरच ठरते.

बॅटरीत वीज असते तरी किती?

जेन३ गाडीचा कमाल वेग ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्गावर मेहकरजवळून जाताना कारला १२० ची मर्यादा असते, त्यावरून अंदाज घ्या. पण शर्यतीसाठी वापरता येणारी वीज असते साधारण ३८.५ किलोवॅट-तास. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाईट बिलावरचं एक युनिट. म्हणजे ३८.५ युनिट! टाटा नेक्सॉन ईव्हीमध्ये पूर्वी मिळणाऱ्या ४०.५ युनिटच्या बॅटरीपेक्षाही कमी.

सुरुवातीला तर परिस्थिती आणखी बिकट होती. पहिले चार सीझन एका गाडीची बॅटरी पूर्ण शर्यतीला पुरायचीच नाही. ड्रायव्हर मध्येच पिटमध्ये येऊन दुसऱ्या चार्ज केलेल्या गाडीत बसायचा. २०१८-१९ च्या सीझनमध्ये जेन२ गाडी आली आणि हा प्रकार बंद झाला.

ब्रेक मारला की चार्जिंग

जुन्या सायकलचा डायनॅमो आठवतो? तो चाकाला टेकवला की लाईट लागायचा, पण पेडल जड व्हायचं. कारण तुमच्याच वेगातली ऊर्जा वीज बनायची. इथेही तेच होतं. ब्रेक लावताना मोटर उलटं काम करते, गाडी हळू होते आणि तयार झालेली वीज परत बॅटरीत जाते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. जेन३ गाडी शर्यतीत जेवढी वीज वापरते, त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास अशी ब्रेकिंगमधूनच मिळते.

या तंत्रावर एवढा भरवसा होता, की जेन३ च्या मूळ रचनेत मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नव्हते. नंतर सुरक्षेसाठी इमर्जन्सी ब्रेक जोडावे लागले.

मग जिंकतो कोण?

चॅसी, बॅटरी आणि टायर सगळ्या टीमना सारखेच मिळतात. फरक पडतो मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि सॉफ्टवेअर यात. वळणाच्या किती आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, किती वीज परत घ्यायची, ओव्हरटेक आत्ता करायचा की शेवटच्या लॅप्ससाठी दोन युनिट राखायची, हे गणित सतत चालू असतं. सुरुवातीला उधळपट्टी केली, तर शेवटी बाकीचे पुढे निघून जातात आणि आपण बघत बसतो.

अडचणी कुठे आहेत?

*उष्णता:* जास्त पॉवर घेतली किंवा पटकन चार्ज केलं की बॅटरी तापते. फार तापली तर सिस्टीम स्वतःच पॉवर कमी करते. विदर्भातल्या मे महिन्यात फोन गरम होऊन चार्जिंग हळू होतं ना, तसंच.

*चार्जिंग:* २०२४-२५ च्या सीझनमध्ये 'पिट बूस्ट' आला. काही शर्यतींमध्ये ६०० किलोवॅटपर्यंतच्या चार्जरने सुमारे ३० सेकंदांत ३.८५ युनिट भरतात. घरच्या ३.३ किलोवॅट चार्जरला याच कामाला तासाहून जास्त वेळ लागेल. तंत्र जबरदस्त आहे, पण ते रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत यायला आधी तेवढी तगडी वीजजोडणी लागेल.

*आयोजन:* भारतात अडचण इथेच आली. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेन सागर तलावाच्या काठी देशातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. जाँ-एरिक व्हर्न जिंकला. पुढची शर्यत फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरली होती. पण तेलंगणात सरकार बदललं, यजमानपदाचा करार पुढे चालला नाही आणि जानेवारीत शर्यत रद्द झाली. त्याच महिन्यात मुंबईचा जेहान दारुवाला मासेराती टीमकडून फॉर्म्युला ईमध्ये उतरला. घरच्या प्रेक्षकांसमोर धावायची त्याची संधी तिथेच हुकली. शहरातल्या रस्त्यांवरची शर्यत सरकारच्या पाठिंब्याशिवाय होत नाही, हा यातला धडा.

छोट्या गावातल्या मुलांना यात जागा आहे का?

ड्रायव्हर व्हायचं तर लहानपणापासून कार्टिंग करावं लागतं आणि त्याला प्रचंड पैसा लागतो. मेहकर, लोणार, चिखलीच्या बहुतेक घरांना ते परवडणारं नाही. पण सीट एक असली, तरी गाडीमागे इंजिनिअरची अख्खी टीम असते. तिथला दरवाजा कॉलेजमधून उघडतो.

'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. इंजिनिअरिंगची मुलं स्वतः सिंगल-सीटर डिझाईन करून, बनवून तिथे आणतात. पेट्रोल आणि इलेक्ट्रिक असे वेगळे गट असतात. आयआयटी मुंबईची 'आयआयटी बॉम्बे रेसिंग' टीम तर २०१२ पासून इलेक्ट्रिक गाड्या बनवते आणि ब्रिटनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतही उतरली आहे.

फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत इलेक्ट्रिक गाडीला बॅटरीतून ८० किलोवॅटपेक्षा जास्त पॉवर घेता येत नाही. सुमारे २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स शर्यत पूर्ण करावी लागते आणि किती कमी वीज वापरली याचेही गुण मिळतात. मोठ्या शर्यतीचंच गणित इथे छोट्या आकारात आहे. शिवाय हाय व्होल्टेजची सुरक्षा तपासणी पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जातच नाही.

यासाठी मेकॅनिकलचीच डिग्री हवी असं नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचा कोड, सेन्सरचा डेटा, मोटर कंट्रोल ही इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांची कामं आहेत. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या कंपन्यांनाही हीच कौशल्यं लागतात. म्हणून अ‍ॅडमिशन घेताना प्लेसमेंटच्या आकड्यासोबत एक प्रश्न नक्की विचारा: "कॉलेजची फॉर्म्युला टीम आहे का?" नसेल, तर चार मित्र, एक सर आणि वर्कशॉपची किल्ली एवढ्यावर सुरुवात करता येते.